माहेर की मुक्कामाचा देश

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील मराठी मध्यमवर्गात, विशेषतः १९९० नंतर संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे परदेशी गेलेल्यांच्या कुटुंबांत, पहिल्या अपत्याची चाहूल लागली की एक प्रश्न ठरल्यासारखा पुढे येतो. बाळंतपण मुलगी-जावई राहतात त्या देशात करावे, की मुलीला वेळेत घरी आणावे? या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले रूढीचे असून त्यानुसार पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी व्हावे. दुसरे हिशेबाचे असून त्यानुसार जिथे जन्मल्याने अधिक मोलाचा पासपोर्ट मिळेल तिथे बाळ जन्मावे. ज्या परिस्थितीत ही उत्तरे तयार झाली ती आता बरीच पालटली आहे, आणि दोन्हींत एक समान उणीव आहे. रूढी कुटुंबाच्या कर्तव्याकडे पाहते, हिशेब बाळाच्या भवितव्याकडे पाहतो. प्रसूतीनंतरच्या सहा ते बारा आठवड्यांत बाळंतिणीच्या शरीराची आणि मनाची काळजी कोण घेणार, हा मूळ प्रश्न मात्र दोन्हीकडे मागे पडतो. या निर्णयाची पहिली कसोटी तीच असायला हवी, आईबाप एकत्र असणे ही दुसरी, आणि नागरिकत्व ही तिसरी, तीही एक-दोन देशांपुरतीच, असे येथे मांडायचे आहे.

माहेरच्या बाळंतपणाची रूढी निव्वळ भावनेतून आलेली नाही. लग्न लहान वयात होत असे, सासरी नव्या सुनेला ना आवाज होता ना विसावा, आणि दिवस गेले म्हणून घरातली कामे थांबत नसत. अशा स्थितीत सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला माहेरी पाठवण्याची प्रथा ही तिला कामातून आणि धाकातून काही महिने सोडवण्याची समाजमान्य वाट होती. प्रसूतीनंतरचा सव्वा महिना, अंगाला तेल, शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, पाचवीचे पूजन आणि बाराव्या दिवसाचे बारसे हा क्रम पाहिला तर त्यातील प्रत्येक गोष्टीमागे आईला अंथरुणावर ठेवून इतरांनी तिचे करावे असा आग्रह दिसतो. औषध म्हणून त्यातील कशाचा किती उपयोग होतो हा वेगळा विषय आहे. विश्रांतीचे वेळापत्रक म्हणून मात्र ती व्यवस्था विचारपूर्वक बांधलेली होती. तिने दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. माहेर बैलगाडीच्या किंवा आगगाडीच्या एका दिवसाच्या अंतरावर असेल, आणि माहेरच्या घरात आई, काकू, आजी, वहिनी अशा चार बायका दिवसभर असतील. बाळाच्या बापाला त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. तो बारशाला येई आणि परत जाई.

त्या व्यवस्थेची मर्यादा कल्याणच्याच इतिहासात स्पष्टपणे नोंदलेली आहे. कल्याणच्या गणपतराव जोशी यांची कन्या यमुना, म्हणजे पुढे डॉ. आनंदीबाई जोशी, चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचा मुलगा अवघ्या दहा दिवसांत दगावला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही जाणीव तिच्या पुढच्या आयुष्याला दिशा देणारी ठरली. १८८३ मध्ये, अमेरिकेला निघण्यापूर्वी, बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या जाहीर भाषणात तिने आपल्या जाण्याचे कारण सांगितले, ते हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची असलेली गरज हे होते. पुरुष डॉक्टरांसमोर बोलण्याचाही संकोच असल्याने स्त्रिया उपचारांविना राहत होत्या. न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटर कुटुंबाने तिला घरच्यासारखा आसरा दिला, आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून ती एम. डी. झाली; तिच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात तिचा मृत्यू झाला. माणसांची माया आणि वैद्यकीय कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीची जागा भरत नाही, हे या आयुष्यातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. आज परदेशातील बाळंतपणाबद्दल बोलताना नेमकी हीच गल्लत होते. माहेरचे पक्षपाती मायेबद्दल बोलतात, परदेशाचे पक्षपाती रुग्णालयाबद्दल बोलतात, आणि दोघेही आपापल्या बाजूची दुसरी गोष्ट मोजायची विसरतात.

म्हणून आधी माहेरची आजची स्थिती पाहिली पाहिजे. डोंबिवलीच्या टिळकनगरातील किंवा ठाण्याच्या नौपाड्यातील दोन खोल्यांच्या घरात आज बहुधा साठीच्या आसपासचे दोघेच राहतात. आईचे गुडघे दुखतात, वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, वहिनी असलीच तर ती सकाळची लोकल पकडून नोकरीला जाते. त्यामुळे बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई, पोळ्या करणारी बाई, धुणीभांडी करणारी बाई अशी माणसे पैसे देऊन आणावी लागतात. हे कमी प्रतीचे माहेर आहे असे मानण्याचे कारण नाही. उलट, अनुभवी हातांची मदत मध्यमवर्गाला परवडेल अशा दरात रोज घरी मिळणे ही या शहरांची मोठी सोय आहे आणि ती न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये याच उत्पन्नाच्या कुटुंबाला मिळत नाही. शिवाय डॉक्टरांशी मातृभाषेत बोलता येते, आणि अनेकदा त्या डॉक्टरांनी मुलीच्या मोठ्या बहिणीचेही बाळंतपण केलेले असते. भीतीच्या क्षणी आपले दुखणे नेमक्या शब्दांत सांगता येणे ही काही लहान गोष्ट नाही.

तरीही दोन गोष्टींकडे डोळेझाक करता येत नाही. पहिली शस्त्रक्रियेची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील एकूण प्रसूतींपैकी २१.५ टक्के सिझेरियनने झाल्याचे आढळले; सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. परदेशाहून आलेली मुलगी बहुधा खासगी रुग्णालयातच जाते, म्हणजे जवळपास निम्म्या प्रसूती शस्त्रक्रियेने होणाऱ्या गटात तिची गणना होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के ही मर्यादा वाजवी मानली होती. अमेरिकेतही हे प्रमाण सुमारे ३२ टक्के आहे, त्यामुळे दोष एकाच बाजूला नाही, पण घरी आल्याने प्रसूती नैसर्गिक होईल या समजुतीला आधार नाही. जावयाची सुट्टी ठरलेली, परतीचे तिकीट काढलेले, अशा कुटुंबात तारीख ठरवून प्रसूती उरकण्याचा मोह तर अधिकच असतो. दुसरी गोष्ट तातडीच्या उपचारांची. लहान प्रसूतिगृहात सर्व सुरळीत असताना मिळणारी आपुलकी आणि अचानक रक्तस्राव झाल्यावर लागणारी रक्तपेढी, भूलतज्ज्ञ व नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग यांत अंतर असते, आणि गुंतागुंतीच्या रुग्णाला मुंबईला हलवण्याची वेळ आली तर कल्याण-शीळ रस्त्यावरील वाहतूक हाही वैद्यकीय प्रश्न बनतो. राज्याची सरासरी मात्र चांगली आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर, म्हणजे दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातांचे मृत्यू, ३३ होता, तर देशाचा ९७. अमेरिकेचा हा दर २०२१ च्या साथीच्या वर्षात ३२.९ इतका चढला होता आणि पुढे तो उतरला. मोजणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने ही तुलना ताणता येत नाही, पण परदेश म्हणजे आपोआप सुरक्षितता हे समीकरण तिने नक्कीच ढिले होते.

परदेश ही एकसंध गोष्टही नाही. नेदरलँड्समध्ये प्रसूतीनंतर साधारण आठ दिवस प्रशिक्षित परिचारिका घरी येऊन आईची, बाळाची आणि काही अंशी घराचीही काळजी घेते. ही सेवा आरोग्य विम्याचाच भाग असते. जर्मनीत सुईण, म्हणजे प्रसूतिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेली आणि परवानाधारक व्यावसायिक, बाळंतिणीच्या घरी नियमितपणे येते, आणि ब्रिटनमध्येही पहिल्या दिवसांत सुईणीच्या भेटी ठरलेल्या असतात. या देशांनी माहेराचे काम शासनाच्या आणि विम्याच्या व्यवस्थेत आणले, असे म्हणता येईल. अमेरिकेत नेमके याच्या उलट आहे. तेथील १९९६ च्या कायद्याने नैसर्गिक प्रसूतीनंतर किमान ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास रुग्णालयात राहण्याला विम्याचे संरक्षण दिले आहे, पण त्यानंतर घरी कोणी येत नाही, आणि पुढची तपासणी बहुधा काही आठवड्यांनी होते. १९९३ च्या संघीय कायद्याने मिळणारी रजा बारा आठवड्यांची असून ती बिनपगारी आहे, शिवाय मोठ्या आस्थापनेत किमान एक वर्ष काम केलेल्यांनाच ती लागू होते. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची आणि पगारी झाली, त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. अवलंबितांच्या एच-४ व्हिसावर गेलेली, नोकरी नसलेली, गाडी न चालवणारी मुलगी हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत आठवड्याच्या बाळासह एकटी आणि नवरा दुसऱ्या सोमवारपासून कामावर, हे चित्र मराठी कुटुंबांना अनोळखी नाही. प्रसूतीनंतरचे नैराश्य, म्हणजे सतत रडू येणे, झोप उडणे, बाळाबद्दल परकेपणा वाटणे अशी उपचारांची गरज असलेली अवस्था, अशा एकटेपणात वाढते आणि लपूनही राहते.

या पोकळीवर मराठी कुटुंबांनी शोधलेला उपाय म्हणजे आजीचा प्रवास. आधी मुलीची आई सहा महिने, मग सासू सहा महिने, असा क्रम आता इतका रुळला आहे की अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येते हे डोंबिवलीतल्या कोणत्याही इमारतीत ठाऊक असते. या उपायाचे गुण मोठे आहेत. गर्भवतीला लांबचा प्रवास करावा लागत नाही, डॉक्टर बदलत नाही, नवरा जवळ राहतो आणि माहेरचा हातही लाभतो. पण त्याची किंमत आजी मोजते, आणि ती मोजली जाते याची दखल फार थोडे घेतात. साठी ओलांडलेली स्त्री स्वतःच्या औषधांचा सहा महिन्यांचा साठा घेऊन निघते, प्रवासी आरोग्य विमा तिच्या जुन्या दुखण्यांना बहुधा पूर्ण संरक्षण देत नाही, परक्या घरात ती दिवसभर स्वयंपाक आणि बाळ यांत गुंतते, आणि मागे राहिलेल्या आजोबांच्या जेवणाची व्यवस्था हा आणखी एक प्रश्न असतो. आईला बोलावून घेणे हा उपाय जेव्हा जावई आणि मुलगी घरकामाचा निम्मा भार स्वतः उचलतात तेव्हाच न्याय्य ठरतो. एरवी एका बाईची विश्रांती दुसऱ्या बाईच्या श्रमातून वसूल केली जाते.

आता नागरिकत्वाकडे वळता येईल. जन्मस्थळावरून नागरिकत्व मिळते ही समजूत मुख्यतः अमेरिकेच्या उदाहरणावरून पसरली आणि मग ती सगळ्या परदेशाला लावली गेली. प्रत्यक्षात बहुतेक देशांत ती लागू नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक अथवा कायमचे स्थायिक असतील तरच तेथे जन्मलेले मूल जन्मतः ब्रिटिश ठरते. ऑस्ट्रेलियाने असाच नियम २० ऑगस्ट १९८६ पासून केला. आयर्लंडने २००४ च्या सार्वमतानंतर पालकांच्या पूर्वीच्या वास्तव्याची अट घातली. जर्मनीत २००० पासून पालकाचे दीर्घ कायदेशीर वास्तव्य आणि कायम निवासाचा हक्क असल्यास तेथे जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळते. वास्तव्याची ही मुदत आठ वर्षांची होती, ती २०२४ मध्ये पाच वर्षांवर आली. आखाती देशांत तर जन्माने परकीयांना नागरिकत्व मिळतच नाही. म्हणजे लंडनला दोन वर्षांच्या कामावर गेलेल्या जोडप्याने पासपोर्टसाठी बाळंतपण तेथे करण्याचा विचार केला तर त्याला कायद्याचा आधारच नाही. त्यांचे बाळ ठाण्यात जन्मो वा लंडनमध्ये, ते भारतीयच राहील.

भारताचा स्वतःचा कायदाही घरोघरी जसा समजला जातो तसा नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जवळपास सरसकट जन्माने भारतीय होती. त्यानंतर आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी ती अधिक कडक झाली. याचा परिणाम असा की दोघांनीही अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले जोडपे केवळ मायेपोटी बाळंतपणासाठी कल्याणला आले, तर तेथे जन्मलेले त्यांचे बाळ भारतीय नागरिक नसते. महापालिकेचा जन्मदाखला मिळतो, पण त्याला परदेशी पासपोर्ट काढून आणि भारतीय यंत्रणेची बाहेर जाण्याची परवानगी घेऊनच परतावे लागते. उलट बाजूने, भारतीय पालकांचे परदेशात जन्मलेले बाळ वंशाने भारतीय होऊ शकते, मात्र त्यासाठी एका वर्षाच्या आत वकिलातीत जन्माची नोंदणी करावी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांना लिहून द्यावे लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. त्याऐवजी दिले जाणारे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारा आजन्म प्रवेशाचा आणि वास्तव्याचा परवाना, मतदानाचा हक्क देत नाही आणि शेतजमीन विकत घेण्याची मुभाही देत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षांतून ओसीआय विद्यार्थ्यांना केवळ अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा जागा खुल्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा नियम त्या अधिसूचनेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना लावू नये असे ठरवले, पण त्यानंतरच्या मुलांना तो लागू आहे. पाच-सात वर्षांनी परत यायचे, मुलांना ठाण्यातच शिकवायचे असे ज्यांचे मनातून ठरलेले असते, त्यांनी हे नियम बाळाच्या जन्मापूर्वी वाचायला हवेत.

अमेरिकेचा प्रश्न मात्र खरोखर वेगळा आहे आणि तो हलक्या हाताने बाजूला सारता येत नाही. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने आणि १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्याने तेथे जन्मलेल्या परकीयांच्या मुलांनाही नागरिक मानले. भारतात जन्मलेल्या नोकरदारांना कायम निवासाच्या परवान्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डसाठी, कित्येक वर्षे, काहींना दशके, थांबावे लागते, कारण कोणत्याही एका देशाला वार्षिक कोट्याच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही आणि हा देश अर्जदाराच्या जन्मस्थळावरून ठरतो. पालक त्या रांगेत असताना ठाण्यात जन्मलेले आणि लहानपणी तिकडे नेलेले मूल एकविसाव्या वर्षी अवलंबिताचा दर्जा गमावते, आणि त्याला विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. त्याच घरातले तिकडे जन्मलेले धाकटे भावंड मात्र निर्धास्त असते. एका ताटात जेवणाऱ्या दोन मुलांच्या नशिबात केवळ जन्मगावामुळे पडलेले हे अंतर क्रूर आहे, आणि ज्या जोडप्याने अमेरिकेतच राहायचे पक्के ठरवले आहे त्याने ते टाळण्यासाठी बाळंतपण तेथे केले तर त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु हा आधारही आता पूर्वीइतका स्थिर नाही. २० जानेवारी २०२५ रोजी काढलेल्या अध्यक्षीय आदेशाने, तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या ज्या मुलांची आई तात्पुरत्या व्हिसावर आहे आणि वडील नागरिक किंवा कायम निवासी नाहीत, त्यांना नागरिक मानू नये असे फर्मावले. म्हणजे नोकरीच्या एच-१बी आणि अवलंबितांच्या एच-४ व्हिसावरची जोडपी थेट त्याच्या कक्षेत आली. न्यायालयांनी आदेशाची अंमलबजावणी रोखली आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सुनावणीस घेतला. पण आदेशातील तीस दिवसांच्या मुदतीपूर्वी प्रसूती उरकावी म्हणून काही भारतीय जोडपी वेळेआधी सिझेरियनची चौकशी करत असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या, आणि त्या बातम्यांनी अस्वस्थ व्हावे असे त्यांत बरेच काही होते. पूर्ण दिवस भरण्यापूर्वी बाळाला जन्म देण्यात श्वसनाचे आणि वजनाचे धोके असतात. जे नागरिकत्व बाळाच्या हितासाठी हवे त्याच्यासाठी बाळाची फुप्फुसे पणाला लावण्यापर्यंत विचार गेला, की हिशेबाने माणसाचा ताबा घेतला असे समजावे. शिवाय अमेरिकी नागरिकत्वाबरोबर बंधनेही येतात. तो देश आपल्या नागरिकांकडून ते जगात कुठेही राहत असले तरी उत्पन्नाचे विवरण मागतो, आणि अठरा ते पंचवीस वयाच्या मुलग्यांना लष्करी भरतीच्या नोंदवहीत नाव द्यावे लागते. डोंबिवलीला परतून येथेच नोकरी करणाऱ्या मुलालाही हे चुकत नाही.

एका घरात दोन देशांचे पासपोर्ट असण्याची किंमत २०२० मध्ये अनेकांनी प्रत्यक्ष मोजली. महासाथीत सीमा बंद झाल्या, मे महिन्यात परदेशात अडकलेल्यांना आणणारी वंदे भारत विमाने सुरू झाली आणि गर्भवतींना त्यांत प्राधान्य मिळाले, पण ओसीआयचा प्रवेशहक्क स्थगित असल्याने, नोकरी गेलेले भारतीय आईबाप परतू शकत होते आणि त्यांची अमेरिकेत जन्मलेली तान्ही मुले विमानात चढू शकत नव्हती. २२ मे २०२० रोजी सरकारने अशा अल्पवयीन ओसीआय मुलांना सूट दिली. दरम्यानच्या काळात ज्या आज्यांची तिकिटे रद्द झाली त्यांच्या मुलींनी बाळंतपण आणि पहिले तीन महिने एकटीने काढले, आणि त्यांच्या नवऱ्यांना, घरून काम चालू असल्यामुळे, बाळाचे सगळे करावे लागले आणि ते त्यांना करता आले.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण घरी येऊन बाळंतपण करण्याची सर्वांत मोठी किंमत नवरा-बायकोच्या ताटातुटीत आहे. बहुतेक विमान कंपन्या साधारण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचा दाखला मागतात आणि ३६ आठवड्यांच्या पुढे प्रवास नाकारतात. म्हणून मुलीला सातव्या महिन्याच्या आसपास यावे लागते. पुढे प्रसूती, २१ दिवसांच्या आत महापालिकेत जन्मनोंदणी, दोन्ही पालकांच्या संमतीने बाळाचा पासपोर्ट, मग बाळाचा व्हिसा, अशी साखळी असते आणि तिच्यात पाच-सहा महिने सहज जातात. बाप दोन-तीन आठवड्यांसाठी येतो. बाळाचे पहिले हसू, पहिली कूस वळणे तो फोनच्या पडद्यावर पाहतो, आणि जेव्हा आई-बाळ परत जातात तेव्हा बाळाला आजीचा लळा लागलेला असतो, बाप परका असतो, आणि मदतनीस बायांसह चाललेली सगळी व्यवस्था एका रात्रीत संपून आईवर एकटीवर येऊन पडते. ताटातूट लांबण्याचा धोकाही वाढला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये भारतातील अमेरिकी वकिलातींनी एच-१बी आणि एच-४ च्या अनेक मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या आणि भेटीसाठी आलेली कुटुंबे अडकून पडली. जुनी रूढी बापाला वगळत होती, कारण त्या काळचा बाप बाळाचे काही करत नव्हता. आजच्या बापाला करायचे असते, निदान करायला हवे, आणि त्याच्या शिकण्याचे पहिले आठवडे माहेरपणाच्या नावाखाली काढून घेणे कोणाच्याच हिताचे नाही.

नागरिकत्वाचा मुद्दा वजा केला तर हा निर्णय कसा दिसतो ते आखातातील मराठी कुटुंबांकडे पाहिल्यावर कळते. दुबई किंवा मस्कत मुंबईपासून सुमारे तीन तासांच्या विमानप्रवासावर आहे, तेथे जन्मल्याने बाळाला कोणताही नागरी हक्क मिळत नाही, आणि संयुक्त अरब अमिरातीत तर १२० दिवसांच्या आत बाळाचा निवासी व्हिसा काढला नाही तर दंड होतो. त्यामुळे तेथील जोडपी विम्यात प्रसूतीचा किती खर्च येतो, नवऱ्याच्या पाळ्या कशा आहेत, आईला येता येईल का, डॉक्टर पटले आहेत का, एवढ्याच गोष्टी विचारात घेतात. काही कल्याणला येतात, काही तिकडेच राहतात, आणि नवरा दर महिन्याला आठवड्याची सुट्टी धरून येऊ शकतो म्हणून घरी येणेही त्यांना तितके जड जात नाही. हा विचार साधा आहे आणि तो बरोबर आहे. अमेरिकेतील जोडप्यांनीही आधी याच प्रश्नांची उत्तरे काढावीत आणि पासपोर्टचा विचार त्यानंतर करावा.

या सगळ्याचा कौल असा पडतो की परदेशात स्थिर नोकरी, पुरेसा विमा आणि कायदेशीर वास्तव्याची काही वर्षांची खात्री असलेल्या जोडप्याने बाळंतपण राहत्या देशात करावे आणि प्रवास गर्भवतीऐवजी आजीने, तिची प्रकृती आणि इच्छा असेल तर, करावा. जिथे मुक्काम वर्ष-दोन वर्षांचा आहे, विमा अपुरा आहे, नवरा दिवसभर आणि कधी रात्रीही बाहेर आहे, किंवा मुलीच्या मनाची स्थिती आधीच नाजूक आहे, तिथे घरी येणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र तो पाचव्या महिन्यापूर्वी ठरावा, म्हणजे दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद पाहता येतील. रक्तदाब, मधुमेह, जुळी अशी जोखीम असेल तर दोन्ही मार्गांत नवजात बालकांच्या अतिदक्षतेची सोय असलेले मोठे रुग्णालय हीच अट असावी, मग ते ठाण्यात असो वा डॅलसमध्ये. एक कायदेशीर फरकही विसरू नये. परदेशात सोनोग्राफीत बाळाचे लिंग सांगितले जाते, भारतात १९९४ च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे, आणि असा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला होता. तिकडून आलेल्या अहवालातील ही माहिती येथील नातेवाइकांत वाटत बसणे ज्या कारणासाठी हा कायदा झाला त्याला धरून नाही.

हा निर्णय मुलीचा आहे, हे वाक्य आता सगळेच म्हणतात, पण प्रत्यक्षात तो अनेकदा दोन्हीकडच्या आईवडिलांच्या दूरध्वनीवरील बोलण्यात ठरतो, आणि मुलीला तिकिटाची तारीख कळवली जाते. सासरच्या मंडळींना आपल्या पहिल्या नातवाचे बारसे ठाण्यात हवे असते, माहेरच्यांना लोक काय म्हणतील याची चिंता असते, जावयाला पासपोर्ट हवा असतो. या प्रत्येकाला मत असण्याचा हक्क आहे, पण नऊ महिने पोटात वागवून टाक्यांसह उठणारी ती एकटीच असते, आणि तिला आपल्या आईपाशी जायचे असेल किंवा जायचे नसेल, तर त्या इच्छेला वैद्यकीय कारणाखेरीज दुसऱ्या कोणत्याही कारणाने छेद जाऊ नये.

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी हा सगळा वाद बहुधा होतच नाही. थोरले मूल तिकडच्या शाळेत असते, त्यामुळे मुलगी येऊ शकत नाही. पाच वर्षांनी म्हातारी झालेल्या आजीचा विमा महाग झालेला असतो. आणि पहिल्याच्या वेळी सर्व केले, आता तिला सवय आहे, असे मानून दोन्ही घरे निवांत होतात. वास्तविक एक मूल पायाशी आणि एक कुशीत घेऊन उठणाऱ्या बाईला मदतीची गरज अधिक असते. पहिल्या बाळंतपणावर रूढीने आणि हौसेने जो पैसा, जी रजा आणि जी धावपळ खर्च होते, तिचा निम्मा वाटा दुसऱ्यासाठी राखून ठेवता येईल असे नियोजन पहिल्याच वेळी करणारी कुटुंबे अजून थोडी आहेत.